टर्बोला जरा दम खाऊ द्या!

चारोटी नाक्यावर अर्धा तास उभं राहून बघा. मुंबईहून सुसाट आलेल्या गाड्या, गुजरातकडे निघालेल्या गाड्या, महालक्ष्मीच्या दर्शनाला वळणाऱ्या गाड्या, डहाणूकडे जाणाऱ्या गाड्या. हायवेचा नंबर ४८ आणि आपल्या नंबरप्लेटवरही एमएच ४८! या गर्दीतली एखादी पिकअप ढाब्यासमोर येऊन थांबते. बरेच ड्रायव्हर थांबल्या थांबल्या चावी फिरवतात आणि उडी मारून उतरतात. एखादा मात्र गाडी न्यूट्रलला टाकतो, हँडब्रेक ओढतो, मिनिटभर तसाच बसून राहतो आणि मग इंजिन बंद करतो.

बाजूला बसलेल्याला वाटतं, हा काय टाइमपास करतोय? उगाच डिझेल जाळतोय. मागून कुणीतरी ओरडतंसुद्धा, ‘काका, करा ना बंद!’

तर दोस्तांनो, आज बोलूया या एका मिनिटाबद्दल. ते कशासाठी असतं, केव्हा गरजेचं असतं आणि केव्हा अजिबात नसतं. विषय गॅरेजचा वाटेल, पण तो आपल्या घरच्या पैशाचा आहे. डहाणू-तलासरीत आपल्यापैकी अनेकांच्या घरची गाडी मिरवायला घेतलेली नसते. ती हप्त्यावर घेतलेली पिकअप असते, तिच्यातून वाडीतला चिकू, शेतातली मिरची, बंदरावरची मासळी बाजारात जाते. किंवा ती पॅसेंजर मारणारी जीप असते, तिच्या जिवावर धाकट्या बहिणीची फी भरली जाते. किंवा गाडी शेठची असते आणि आपला दादा तिच्यावर ड्रायव्हर असतो. अशा घरात टर्बो गेला, तर नुसती गाडी बंद पडत नाही, अख्ख्या महिन्याचं गणित कोलमडतं.

टर्बो म्हणजे काय रे भाऊ?

इंजिनला ताकद हवी, तर जास्त डिझेल जाळायला हवं. जास्त डिझेल जाळायचं, तर जास्त हवा हवी. चूल पेटवताना आपण फुंकणीने फुंकर घालतो ना, तसंच. टर्बो ही इंजिनची फुंकणी. फरक एवढाच की ती फुंकायला वेगळी ताकद लागत नाही. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर वाटेत एक छोटी चक्री फिरवतो. त्या चक्रीच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरी चक्री असते. ती बाहेरची हवा खेचून, दाबून इंजिनात भरते. म्हणजे एरवी फुकट जाणाऱ्या धुराकडूनच काम करून घ्यायचं. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या इंजिनिअरने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. म्हणजे आयडिया शंभर वर्षांहून जुनी आहे.

आपल्या रस्त्यांवर ती उशिरा पोचली. जुन्या कमांडर-मार्शल जीपना बहुतेक टर्बो नसायचा. २००५ साली आलेल्या पहिल्या डिझेल छोटा हत्तीलाही नव्हता. पण १९९८ ची सफारी, २००२ ची स्कॉर्पिओ आणि त्यानंतर एकामागून एक आलेल्या गाड्यांनी चित्र बदललं. आज शोरूममधून बाहेर पडणारी जवळपास प्रत्येक डिझेल कार, जीप, पिकअप टर्बोवालीच असते. गाडी बदलली, पण गाडी बंद करायची आपली सवय जुन्या जीपच्या काळातलीच राहिली. खरी गोची इथे आहे.

आता थोडे आकडे. हायवेवर इंजिन मिनिटाला साधारण दोन-अडीच हजार फेरे घेतं. कारच्या टर्बोची चक्री जोरात असताना मिनिटाला दीड लाखाच्या वर फेरे घेऊ शकते. हिशेब करून बघा, इंजिन जेवढे फेरे एका मिनिटात घेतं, तेवढे टर्बो एका सेकंदात घेतो! आणि गाडी लोड घेऊन चढ चढत असेल, तर चक्रीवर येणारा धूर सातशे अंशांच्या घरात जाऊ शकतो. एवढ्या वेगाने फिरणारा, एका टोकाला एवढा तापलेला तो दांडा कशावर टेकलेला असतो? इंजिन ऑइलच्या पातळ थरावर. बास. ते ऑइल दोन कामं करतं. दांडा आणि बेअरिंग एकमेकांना घासू देत नाही, आणि तिथली उष्णता सोबत घेऊन जातं.

चावी फिरवली की काय होतं?

इंजिन बंद, म्हणजे ऑइलचा पंपही बंद. टर्बोकडे येणारं ऑइल तिथल्या तिथे थांबतं. पण टर्बोची धुराकडची बाजू तर अजून रसरशीत तापलेली आहे. तवा चुलीवरून उतरवला म्हणून लगेच हात लावता येतो का? तसंच हे. ती उष्णता आता दांड्यातून बेअरिंगकडे सरकायला लागते, आणि तिला घेऊन जाणारं ऑइल वाहत नसतं. जे थोडं ऑइल तिथे अडकून राहिलंय, ते अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे करपायला लागतं.

घरातली भजी तळायची कढई आठवा. तिच्या कडेला तेल करपून काळं, चिवट किटण बसतं, घासून घासून हात दुखतात तरी निघत नाही. टर्बोच्या आत तेच होतं, फरक एवढाच की तिथे घासायला कुणी जात नाही. एका दिवसात काही बिघडत नाही, आणि म्हणूनच ही सवय फसवी आहे. ‘मी रोज लगेच बंद करतो, काही झालं नाही,’ असं म्हणणारे शंभर जण भेटतील. पण किटण थराथराने साचत जातं. ऑइल यायची बारीक वाट अरुंद होते. बेअरिंग झिजतं, दांडा डुगडुगतो, चक्रीची पाती आतल्या भिंतीला घासू लागतात. मग बोनेटमधून नेहमीपेक्षा वेगळी, कर्कश शिट्टी ऐकू येते. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, कारण आता ऑइलही जळतंय. गाडीचा पिकअप जातो आणि जव्हारच्या बाजूचा चढ लागला की ती रडायला लागते.

एक मिनिट न्यूट्रलवर ठेवल्याने नेमकं काय साधतं, तेही बघू. डिझेल इंजिनची एक गंमत आहे. ते नुसतं चालू असतं, तेव्हा भरपूर हवा घेतं आणि अगदी थेंबभर डिझेल जाळतं. त्यामुळे त्याचा धूर बराच थंड असतो. चक्रीचा वेग उतरतो, तापलेल्या भागांवरून कमी गरम धूर जायला लागतो आणि ऑइल फिरत राहून आतली उष्णता बाहेर काढतं. लांबून धावत आलेला माणूस जसा लगेच आडवा पडत नाही, जरा दम खातो, तसंच. टर्बोलाही दम खाऊ द्यायचा.

मग काय, दरवेळी मिनिट मोजायचं?

नाही! आणि हा मुद्दा नीट समजून घ्या. कारण आपल्याकडे एखादी गोष्ट ‘नियम’ म्हणून पसरली की तिचं कर्मकांड होतं. ‘टर्बो गाडी आहे, पाच मिनिटं चालू ठेवायचीच’ असं म्हणून कॉलेजच्या गेटसमोर धूर सोडत बसणारेही आहेतच.

गाडी किती किलोमीटर चालली, हा प्रश्नच नाही. थांबण्याआधीच्या शेवटच्या दोन-तीन मिनिटांत इंजिनवर किती जोर पडला, हा खरा प्रश्न आहे. आपल्याच रस्त्यांवर बघू.

हायवेने जोरात येऊन तुम्ही थेट महालक्ष्मीच्या देवळाजवळ किंवा ढाब्यावर गाडी लावली. इंजिन तापलेलं आहे, मध्ये कुठे संथ चाललंच नाही. इथे मिनिट-दोन मिनिटं द्या. चैत्रातल्या यात्रेला भरगच्च जीप आणली असेल, तर नक्कीच द्या.

तीच गाडी चारोटीवरून डहाणूत आली, बाजारातल्या गर्दीत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर रांगत रांगत स्टेशनपर्यंत पोचली. टर्बो वाटेतच निवला. इथे फार तर दहा-पंधरा सेकंद पुरे. टोलनाक्याच्या रांगेत पुढे सरकत असाल, तेव्हाही तेच.

पिकअप चिकूच्या क्रेटने भरलीय, कच्च्या रस्त्याने चढ काढून डांबरीवर आली आणि लगेच थांबली. अंतर किलोमीटरभरच असेल, पण जोर पूर्ण लागलाय. इथे मिनिट द्यायलाच हवं.

सकाळी थंड गाडी चालू करून अंगणातून फक्त रस्त्यापर्यंत आणली. काही गरज नाही, बंद करा.

म्हणजे सगळ्यात सोपा उपाय थांबून बसण्याचा नाहीच. शेवटचा किलोमीटर आरामात चालवा. ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करा आणि गाडी ओघात येऊ द्या. गाडी थांबेपर्यंत टर्बोचं काम झालेलं असतं, वेगळं मिनिट मोजावं लागत नाही. जे ड्रायव्हर वर्षानुवर्षं एकच गाडी टिकवतात, त्यांचं शेवटच्या वळणावरचं चालवणं बघा. तिथे घाई नसते.

उलट्या बाजूने होणारं नुकसानही खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांच्या यादीत टाकलं. आपला डहाणू तालुका तर १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला आहे. अशा ठिकाणी एसी लावून, गाणी ऐकत दहा-दहा मिनिटं गाडी नुसती चालू ठेवायची आणि वर ‘टर्बोसाठी ठेवलीय’ असं सांगायचं, हे चालणार नाही. एप्रिल २०२० पासून बीएस ६ नियम आले आणि नव्या डिझेल कार-एसयूव्हींत काजळी अडवणारं फिल्टर आलं. नुसत्या चालू ठेवलेल्या गाडीत ते फिल्टर लवकर तुंबतं, म्हणजे तिथेही खर्चच. मिनिट म्हणजे मिनिट.

काही नव्या गाड्यांत टर्बोभोवती पाणी फिरवून तो थंड ठेवायची सोय असते, त्यांना ही काळजी कमी लागते. तुमच्या गाडीला काय लागतं, ते तिच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, आणि शेवटचा शब्द त्याचाच.

रेस मारून बंद? प्लीज, नको!

एक सवय तर आजच सोडा. गाडी बंद करायच्या आधी जोरात रेस मारायची आणि ती रेस असतानाच चावी फिरवायची. काही जणांना यात भारी वाटतं, काही जणांना वाटतं याने इंजिन ‘साफ’ होतं. टर्बो गाडीत यासारखं वाईट काही नाही. तुम्ही रेस मारून चक्रीला पळवता आणि ती पळत असतानाच तिचं ऑइल तोडता. चक्री काही सेकंद फिरत राहते, आणि दांड्याला ऑइल देणारा पंप बंद झालेला असतो. सकाळी चालू करतानाही तेच. ऑइल टर्बोपर्यंत पोचायला काही सेकंद लागतात, तेवढा वेळ ॲक्सिलरेटरला हात लावू नका.

आणि ऑइल वेळेवर बदला. जुनं, काळं पडलेलं ऑइल लवकर करपतं. रोज मिनिट मोजून देणारा, पण ऑइल बदलायला दोन-दोन महिने चालढकल करणारा माणूस एका हाताने वाचवतो आणि दुसऱ्या हाताने घालवतो.

बिल कुणाच्या नावावर?

आता मुद्द्याचा मुद्दा. गाडी चालवणारा एक आणि गाडीचा मालक दुसरा, असं आपल्याकडे कितीतरी ठिकाणी असतं. शेठ सांगतो, ‘थांबलास की लगेच बंद कर, डिझेल वाचव.’ पॅसेंजर सांगतात, ‘चला लवकर, लोकल सुटेल.’ मधल्या मध्ये वीस-बावीस वर्षांचा ड्रायव्हर. तो दोघांचं ऐकतो. दीड-दोन वर्षांनी टर्बो जातो, मेकॅनिक मोठा आकडा सांगतो आणि शेठ म्हणतो, ‘तूच नीट चालवली नाहीस. पगारातून कापणार.’

एका मिनिटाला किती डिझेल जातं, माहितीये? अशी गाडी नुसती चालू असताना साधारण दहा-पंधरा मिलिलिटर. डिझेल लिटरला नव्वदच्या आसपास धरलं, तर रुपया-सव्वा रुपया. दिवसातून पाच वेळा मिनिट दिलं, तरी चहा-वडापावएवढेही पैसे होत नाहीत. समोर टर्बोचा खर्च ठेवा, तो हजारांमध्ये असतो, आणि गाडी गॅरेजमध्ये उभी असतानाचा बुडालेला धंदा वेगळा. ज्याने रुपया वाचवायला सांगितलं, त्याने हजारांचं बिल ड्रायव्हरवर टाकायचं, हा कुठला न्याय?

तलासरीच्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. १९४५ च्या मे महिन्यात याच तालुक्यातल्या झरीला वारली बांधव जमले आणि मजुरीशिवाय काम करणार नाही असं ठरवून उठले. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्या लढ्यात त्यांच्याबरोबर होते. वेठबिगारीची आणि टर्बोच्या बिलाची तुलना होऊ शकत नाही, हे मान्य. पण घामाचे पैसे कुणी आपल्या मनाने कापू नयेत, हा धडा इथल्याच मातीतला आहे. कायदाही तेच सांगत आलाय. नुकसानीपोटी पगार कापायचा, तर ते नुकसान कामगाराच्या हलगर्जीमुळेच झालं पाहिजे आणि कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी मिळाली पाहिजे, हे तत्त्व १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासून चालत आलंय. आता प्रश्न असा की बाजू मांडणार कशी? टर्बो कशाने जातो हेच माहीत नसेल, तर ‘मी काही केलं नाही शेठ’ यापलीकडे बोलणार काय?

म्हणून हे ज्ञान फक्त गॅरेजवाल्यांकडे राहून चालणार नाही. ज्याला कारण माहीत आहे, तो पहिल्याच दिवशी मालकाला सांगू शकतो, ‘शेठ, लोड घेऊन आलो की मिनिटभर चालू ठेवणार, नाहीतर टर्बो जाईल. चालेल ना?’ मालक हो म्हणाला, तर गाडी वाचली. नाही म्हणाला, तर निर्णय त्याचा आहे हे निदान बोलून झालं. जमलं तर हे व्हॉट्सॲपवर लिहून टाका. लिहिलेलं असलं की शब्द फिरवता येत नाहीत.

मालकांनाही एक सांगणं आहे. गाडी तुमची आहे, हप्ता तुम्ही भरता, हे खरं. पण नवा ड्रायव्हर ठेवताना त्याला दहा मिनिटं बसवून गाडी कशी बंद करायची ते सांगणं, हे तुमचं काम आहे. लायसन्स काढताना आठचा आकडा काढून दाखवावा लागतो, टर्बोबद्दल कुणी विचारत नाही. आयटीआयमध्ये मेकॅनिक शिकणाऱ्यांना हे कळतं, पण गाडी चालवणारा प्रत्येक जण आयटीआयला जात नाही. ड्रायव्हिंग स्कूलने, कॉलेजच्या एनएसएस युनिटने यावर अर्ध्या तासाचं एक सेशन ठेवायला काय हरकत आहे? गावातला एखादा जुना मेकॅनिक बोलवा, जळलेला टर्बो टेबलावर ठेवा आणि पोरांना तो दांडा हाताने हलवून बघू द्या. शंभर स्लाइडपेक्षा ते जास्त लक्षात राहील.

आणि आपण पॅसेंजर? आपलं काम सगळ्यात सोपं. जीप थांबली, काकांनी इंजिन मिनिटभर चालू ठेवलं, तर ओरडायचं नाही. शांतपणे उतरा, सुट्टे पैसे काढा, तेवढ्यात मिनिट झालेलं असतं.

शेवटी एक होमवर्क. तुमच्या घरात किंवा शेजारी टर्बो डिझेल गाडी असेल, तर तिच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक जाडजूड पुस्तक पडलेलं असेल. बहुतेक वेळा ते इंग्रजीत असतं, बारीक अक्षरात, आणि गाडी घेतल्यापासून कुणी उघडलेलं नसतं. घरात कॉलेजला जाणारे तुम्ही आहात. या रविवारी ते काढा, इंजिन बंद करण्याबद्दलचं पान शोधा आणि तिथे जे लिहिलंय, ते गाडी चालवणाऱ्या बाबांना, काकांना, दादाला आपल्या भाषेत समजावून सांगा. मग तेच चार ओळींत कागदावर लिहून स्टिअरिंगच्या बाजूला चिकटवा. उद्या गाडीवर दुसरा कुणी बसला, तरी त्याला ते वाचता येईल.